शुक्रवारची चूल

आमच्या माटेनवायलरच्या चर्चला किल्ली एकच आहे आणि ती सालोमे वेंडलिंगच्या ॲप्रनच्या खिशात असते. प्रॉटेस्टंटांच्या पाळकबाईंना हवी असली तर तिच्याकडे मागायची, महिन्यातून एकदा येणाऱ्या कॅथलिक फादरना हवी असली तरी तिच्याकडेच. एकदा शहरातून कुणी मोठे धर्माधिकारी न कळवता आले. सालोमेमावशी द्राक्षमळ्यात होती. साहेब अर्धा तास दाराबाहेर उभे राहिले, वर पाऊस. मावशी आली, शांतपणे दार उघडलं आणि म्हणाली, "देवाकडे न सांगता गेलं तरी चालतं, माझ्याकडे यायचं तर आधी फोन करावा."

मी या गावचा बेकर. नाव आंत्वान हिर्ट्झ, पण टोनी म्हटल्याशिवाय मी मागे वळून बघत नाही. सालोमे माझी सख्खी मावशी नव्हे. गावात तिला सगळेच मावशी म्हणतात. पंचाहत्तर वर्षांची, बुटकी, चालते तेव्हा धावतेय असं वाटतं. आणि बोलते तेव्हा समोरच्यानं फक्त मान हलवायची.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या गावात त्या साडेतीनशे वर्षं राहतायत. गाव मूळचं प्रॉटेस्टंट. मग पॅरिसच्या राजानं फर्मान काढलं, की ज्या गावात सात कॅथलिक घरं असतील तिथल्या चर्चचा गाभारा कॅथलिकांना द्या. आमच्याकडे तेव्हा नेमकी सात होती. सातवं घर एका लोहाराचं, आणि तो लोहार आदल्याच आठवड्यात बिऱ्हाड घेऊन आला होता, अशी प्रॉटेस्टंटांची तक्रार. ती तक्रार अजून चालू आहे.

तेव्हापासून गाभारा आमचा, म्हणजे कॅथलिकांचा, आणि पुढची बाकं दोघांची. मध्ये पूर्वी भिंत होती, माझ्या आजोबांच्या काळात ती पाडून पडदा लावला. रविवारी नऊला पडदा बंद करून त्यांची उपासना, फादर येतात त्या रविवारी साडेदहाला पडदा उघडून आमची मिस्सा. मधला अर्धा तास सालोमेमावशीचा. लोकरीच्या सपाता घालून ती अख्ख्या चर्चभर पळते. बाकांवरची त्यांची गीतांची पुस्तकं उचलायची, आमची मांडायची, फळ्यावरचे गीतांचे आकडे बदलायचे, पडदा सारायचा, मारियामातेपुढे फुलं ठेवायची. हे सगळं चालू असताना तोंडही चालू. "सरक गं मारियामाते, धूळ पुसू दे. कालपासून कोळी बसलाय तुझ्या खांद्यावर, हाकलायचं नाही का?"

बाई स्वतः प्रॉटेस्टंट बरं का! आणि तीही कुंट्झांची. म्हणजे गावातलं सगळ्यांत कडक घराणं.

आमच्या गावातलं भांडण म्हणजे काय चीज आहे ते परक्याला सांगून कळायचं नाही. गुड फ्रायडे हा प्रॉटेस्टंटांचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. त्या दिवशी आमचे लोक मुद्दाम शेतात शेणखत पसरायचे, वारा गावाकडे असेल तर आणखी उत्साहानं. पंधरा ऑगस्टला मारियामातेची मिरवणूक. त्या दिवशी प्रॉटेस्टंट बायका मिरवणुकीच्या वाटेवर दोऱ्या बांधून घरभराची धुणी वाळत घालायच्या. आमचा बिचारा फादर मारियामातेला घेऊन कुंट्झ आजोबांच्या लांब चड्ड्यांखालून वाकून जायचा. आता कुणाचाच देवावर म्हणावा तसा विश्वास राहिला नाही, माझाही आहे की नाही ते मला विचारू नका. पण पंधरा ऑगस्टला शोर्श कुंट्झ अजून आपला ट्रॅक्टर धुतो, भर रस्त्यात. आणि गुड फ्रायडेला मी अजून कोंबड्यांचं खुराडं साफ करतो. तुझं माझं जमेना अन् तुझ्यावाचून करमेना, दुसरं काय!

शोर्श हा मावशीचा भाऊ. एकोणऐंशी वर्षांचा, उंच, सरळ, सागवानी दारासारखा. प्रॉटेस्टंटांच्या मंडळाचा अध्यक्ष. एकच वाक्य त्याच्या तोंडी जन्मापासून बसलंय: "लिहिलंय ते वाचा." बायबल असो, बसचं वेळापत्रक असो, औषधाच्या बाटलीवरचा कागद असो, लिहिलंय ते वाचा. घर मावशीच्या घराला लागून. गल्ली तिथं संपते, त्यामुळे मावशीला शेजारी तेवढा एकच.

आता मावशीच्या लग्नाची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९७१ साली कुंट्झांच्या सालोमेनं सेपी वेंडलिंगशी लग्न ठरवलं. जोसेफचं आमच्याकडे सेपी होतं. सेपी वाइनची पिंपं बनवायचा, गोड गळ्याचा, आणि कॅथलिक. त्याआधी गावात असं लग्न झालं नव्हतं असं नाही, पण ती माणसं गाव सोडून गेली होती. हे दोघं म्हणाले, आम्ही कुठंही जाणार नाही. मग प्रश्न आला की लग्न पडद्याच्या कुठल्या बाजूला लावायचं. तीन आठवडे पाळक आणि फादर भांडले. शेवटी पडदा वीतभर उघडला, सेपी गाभाऱ्यात उभा राहिला, सालोमे बाकांच्या बाजूला, आणि मधल्या फटीतून दोघांनी एकमेकांच्या बोटात अंगठ्या घातल्या. माझी आई सांगायची, सेपीनं अंगठी घालताना तिचा हात पकडून तिला सर्रकन आपल्याकडे ओढलं आणि अर्धं चर्च ओरडलं, अर्धं हसलं.

तेव्हा चर्चची किल्ली सालोमेच्या वडिलांकडे होती. लेकीच्या लग्नाला यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण लग्न म्हटल्यावर घंटा वाजवणं हे काम. आणि काम म्हटल्यावर कुंट्झ माणूस चुकवणार नाही. त्यांनी बाहेरच्या बाहेर मनोऱ्यात जाऊन घंटा वाजवली. चाळीस मिनिटं वाजवली. आतली शपथ कुणाला ऐकू आली नाही, पाळकांनी बोटांनी खुणा करून लग्न लावलं. "बाबा आत नाही आले," मावशी अजून सांगते, "पण वाजवली मात्र जीव तोडून. तळहाताला फोड आले होते. तेवढा आशीर्वाद पुरला मला."

शोर्शही आला नव्हता. तो वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हता.

संसार झकास झाला. मूलबाळ झालं नाही, पण त्या घरातून हसण्याचा आवाज माझ्या बेकरीपर्यंत यायचा. सेपी म्हणायचा, "सालोमे, वर दोन दारं असली तर तू तुझ्याच दारानं जा, मी तुझ्या दारानं येतो. दोघांनी एकमेकांचं दार धरलं तर चुकामूक व्हायची." चार वर्षांपूर्वी तो एकटाच पुढे गेला. मावशीनं स्वतः घंटा वाजवली, स्वतः पडदा उघडला, आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा सपाता घालून पळायला लागली.

यंदाच्या शरद ऋतूत ओदिल हेशिंगरबाई मुलीकडे शहरात राहायला गेल्या. त्यांचं घर बंद झालं. आणि आमच्या कॅथलिक चुली आठाच्या सात झाल्या.

हे सातांचं प्रकरण नुसतं जुनं फर्मान नाही. मधे केव्हातरी दोन्ही बाजूंनी बसून करार केला होता, त्याची पेटी गावच्या कचेरीत असते. दरवर्षी अकरा नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, कॅथलिक चुली मोजायच्या. सात भरल्या तर गाभारा आमचा, नाही भरल्या तर त्यांचा. मी लहान असल्यापासून ती मोजणी म्हणजे नवी वाइन प्यायचं निमित्त. चाळीस-पन्नास चुली असायच्या, कोण मोजतो! मग लोक शहरात गेले, म्हातारे मेले, पोरं नोकऱ्यांमागे गेली. तरी आठपर्यंत कुणाला घाम फुटला नव्हता.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी शोर्श बेकरीत आला. मावशी आधीच उभी होती.

"सहा," शोर्श म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही.

"सात," मावशी म्हणाली. काय मोजतोय ते विचारायची तिला गरज नव्हती.

"तुझी धरू नकोस. तू कुंट्झांची आहेस. माझा बाप्तिस्मा झाला त्याच दगडी भांड्यात तुझा झालाय."

"आणि लग्न? ते काय तुझ्या ट्रॅक्टरशी झालं?"

"लग्नानं माणूस बदलत नाही."

"माणूस कुठं मोजतात? चूल मोजतात!"

"चूलही आता तुझीच. तो होता तेव्हा गोष्ट वेगळी. आता त्या घरात एक प्रॉटेस्टंट विधवा राहते. बास." मग तो माझ्याकडे वळला. "टोनी, मी वाईट बोलत नाहीये. गाभाऱ्यात शेगडी बसवता येईल, कॉफीचा ओटा करता येईल. म्हातारी माणसं गारठतात रे चर्चमध्ये. मागच्या हिवाळ्यात दोघांना न्यूमोनिया झाला. आणि तुमच्या मिस्सेला येतात किती? अकरा जण. तेही अकराव्याला गाडीतून उतरवून आणलं तर."

हे सगळं खरं होतं, म्हणूनच मला त्याचा राग आला. मी म्हटलं, "शोर्शकाका, साडेतीनशे वर्षं गारठलात, अजून एक हिवाळा गारठा."

"लिहिलंय ते वाचा," तो म्हणाला. "अकरा तारखेला पेटी उघडायची आणि करार शब्दन् शब्द वाचायचा. अंदाजपंचे नाही." आणि पाव घेऊन निघून गेला.

मावशी आपला पाव न घेताच गेली. सत्तावीस वर्षं मी दुकान चालवतोय, असं कधी झालं नव्हतं.

दिवस शुक्रवारचा होता. दुपारी दुकान बंद केलं आणि मीच पाव घेऊन तिच्या घरी गेलो. टेबलावर दोन ताटं मांडलेली. उकडलेले बटाटे, वर पांढरं मऊ चीज, त्यात चिरलेला कांदा आणि लसूण. दुसरं ताट शोर्शचं. बायको गेल्यापासून नऊ वर्षं तो दर शुक्रवारी बहिणीकडे जेवायचा. तोंडानं दोघं दिवसभर भांडत, पण शुक्रवारी साडेबाराला तो मागच्या दारानं आत शिरायचा. सेपी असतानाही यायचा. टेबलाच्या दोन टोकांना तो आणि सेपी बसायचे आणि मिठाची बरणी मावशीमार्फत मागायचे.

त्या दिवशी तो आला नव्हता. त्याच्या ताटावर मी बसलो.

"मला गाभाऱ्याचं एवढं नाही रे, टोनी," मावशी म्हणाली. मी तिला इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "चर्चला चार भिंती राहतील, मी पुसत राहीन. पण शोर्श म्हणतो ते कागदावर चढलं ना, तर अठ्ठेचाळीस वर्षं मी कुणाबरोबर राहिले ते कुणी विचारणारच नाही. एक प्रॉटेस्टंट बाई राहत होती म्हणतील. माझा सेपी या घरात नव्हताच, असं होईल. आणि हे माझा भाऊ सांगतोय. भिंतीपलीकडून रोज ज्यानं त्याची गाणी ऐकली, तो."

मी आणखी बटाटे घेतले. ती जरा हसली. "सेपीसारखाच आहेस. अडचण आली की खातोस."

पुढचे दोन शुक्रवारही शोर्श आला नाही. मावशी मात्र दोन ताटं मांडत राहिली. मी काही दर वेळी जाऊ शकत नव्हतो.

अकरा तारखेला युद्धातल्या मृतांना फुलं वाहून झाल्यावर सगळं गाव कचेरीच्या सभागृहात जमलं. एरवी वीस माणसं येतात, त्या दुपारी शंभरावर होती. मी कुगलहोफचे सहा मोठे केक आणले होते, कारण गोड तोंडानं माणूस कमी ओरडतो असा माझा अनुभव. फादर देझिरेही खास आले होते. ते मूळचे बेनिनचे, आमच्या एकोणीस गावांना मिळून एकच. पहिल्या बाकावर बसून ते केक खात होते आणि म्हणत होते, "माझ्या गावात असं भांडण असतं तर लोक ढोल घेऊन आले असते."

पेटी उघडली. करार जुन्या जर्मन लिपीत, तेव्हा इकडे लिहायची भाषा तीच. ती वाचता येणारं माणूस गावात एकच, पाळक दोरोतेबाई. चाळिशीच्या, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्या वाचायला लागल्या. अमुक राजाच्या अमुक वर्षी, वगैरे. मग म्हणाल्या, "सातांपैकी कुणी कमी पडल्यास गाभारा परत करावा."

"ऐकलंत?" शोर्श म्हणाला.

"सहा तर हात वर करून मोजता येतील," कुणीतरी मागून म्हणालं. "प्रश्न सालोमेमावशीचा आहे."

"तिचा प्रश्नच नाही," शोर्श म्हणाला. "ती प्रॉटेस्टंट आहे. पाळकबाई, पुढे लिहिलंय ते वाचा. कॅथलिक चूल कशाला म्हणायचं ते लिहिलं असेलच. आमचे पूर्वज अर्धवट काम करत नव्हते."

"लिहिलंय," दोरोतेबाई म्हणाल्या आणि चष्मा वर सरकवला. बराच वेळ एका ओळीवर त्यांचं बोट फिरत होतं. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी कुगलहोफची सुरी खाली ठेवली. "माणसाच्या मनात काय आहे ते देव जाणे. म्हणून गावानं पातेल्यात बघावं. ज्या चुलीवर शुक्रवारी मांस शिजत नाही, ती कॅथलिक चूल समजावी."

आमच्यात शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे मात्र चालतात. मग मागच्या बाकांवरून हसू फुटलं आणि पुढे पुढे येत गेलं. फादर देझिरेंना तर केकचा ठसका लागला.

"अजून आहे," दोरोतेबाई म्हणाल्या. "याची साक्ष दुसऱ्या पंथाच्या शेजाऱ्यानं शपथेवर द्यावी. कारण आपला माणूस आपल्यासाठी खोटं बोलेल."

हसू थांबलं. सगळ्यांच्या माना शोर्शकडे वळल्या. सालोमेमावशीला शेजारी एकच.

मी खरं सांगतो, त्या क्षणी मला शोर्शची भीती वाटली. एका शब्दात काम झालं असतं. "मला काय ठाऊक तिच्या घरात काय शिजतं," एवढं म्हणायचं. कुणी त्याला खोटं पाडलं नसतं. मी पाडलं असतं, पण मी कॅथलिक; माझी साक्ष चालत नव्हती. वडिलांच्या मनात आयुष्यभर होता तो गाभारा, म्हाताऱ्यांना ऊब, कॉफीचा ओटा, सगळं एका वाक्यावर. मावशी भावाकडे बघत नव्हती. मांडीवरच्या किल्लीवर हात ठेवून बसली होती.

शोर्शच्या एका मित्रानं बाकावरून हळूच म्हटलं, "शोर्श, तुला आठवत नसेल. वय झालंय."

शोर्श उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"मला आठवतं," तो म्हणाला. "मी कुंट्झ आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस, हेही लिहिलंय." त्यानं घसा साफ केला. "शुक्रवारी माझ्या बहिणीच्या चुलीवर मांस शिजत नाही. बटाटे आणि चीज शिजतं. उन्हाळ्यात सफरचंदाचे घावन. ट्राउट मासा मिळाला तर ट्राउट, आणि उपवासाच्या दिवसांत तळलेला कार्प. त्यात काटे फार असतात. मी तिच्याकडे जेवायला लागलो त्याला कितीतरी वर्षं झाली. एकदाही मांस नव्हतं. तो गेल्यावर..." इथं त्यानं बहिणीकडे पाहिलं. "तो गेल्यावर मी तिला म्हटलं होतं, आता तरी एक सॉसेज टाक तव्यावर. तर म्हणाली, सेपी गेला, शुक्रवार नाही गेला."

 दोरोतेबाईंनी पेन उचललं. "सातवी चूल. कुणाच्या नावानं लिहू? सालोमे कुंट्झ-वेंडलिंग?"

"नाही," शोर्श म्हणाला. "जोसेफ आणि सालोमे वेंडलिंग. असंच लिहा. त्याचं नाव आधी."

मी साठ वर्षं शोर्शला ओळखतो. बहिणीच्या नवऱ्याला तो कायम "तो" म्हणायचा, फार झालं तर "पिंपवाला". जोसेफ हे नाव त्या तोंडून निघालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी बघून कुणी काही म्हणायच्या आत मी ओरडलो, "शोर्शकाका, तुमच्या स्वतःच्या चुलीवर शुक्रवारी काय शिजतं?"

"काय शिजणार? मी शुक्रवारी हिच्याकडे असतो."

"म्हणजे मांस शिजत नाही!"

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! लोक बाकांवर उभे राहिले. प्रॉटेस्टंट मंडळाचा अध्यक्ष, कुंट्झांचा शोर्श, करारानुसार कॅथलिक! शोर्शनं माझ्याकडे पाहिलं, कराराकडे पाहिलं. मग एकदम उजळून म्हणाला, "साक्ष हवी! दुसऱ्या पंथाच्या शेजाऱ्याची! लिहिलंय!"

तेव्हा सालोमेमावशी उठली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा खरा आवाज ऐकू आला. "मी आहे की! आत्ताच तू मला कॅथलिक करून ठेवलंस ना? मी शपथेवर सांगते, याची चूल शुक्रवारी थंडगार असते. बाकीच्या दिवशीही स्वयंपाकाच्या नावानं शून्यच आहे, पण ते करारात येत नाही."

मग काय, सगळ्यांनाच चेव आला. शुक्रवारी सकाळी मासेवाल्याची गाडी चौकात येते, तिच्यापुढे अर्धं गाव रांगेत असतं, प्रॉटेस्टंट आणि काही न मानणारेसुद्धा. का, म्हणून विचारा, तर सांगता येणार नाही. शुक्रवारी मासे म्हणजे मासे. सरकारी शाळेचा दाखला घ्या. धर्म दाराबाहेर ठेवायचा असा तिथं कायदा आहे, आणि पोरांच्या ताटात शुक्रवारी मासाच असतो. "आमच्याकडेही मासेच!" "आमच्याकडे तर आजीपासून!" हात वर होत गेले, शेजारी शेजाऱ्याची साक्ष देत गेला, आणि दोरोतेबाई हसून हसून डोळे पुसत लिहीत गेल्या. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्याकडे घरोघरी कॅथलिक निघाल्या. एकतीस भरल्या. पाळकबाईंची स्वतःची धरून.

"एका दुपारी इतकी माणसं कॅथलिक झालेली," फादर देझिरे म्हणाले, "मी आफ्रिकेतसुद्धा पाहिली नव्हती." मग त्यांनी सांगितलं की शेगडी बाकांच्या खाली बसवावी, दोन्ही पंथांच्या पायांना सारखीच थंडी वाजते. कॉफीचा ओटा मनोऱ्याखालच्या खोलीत होईल. यावर कुणाचाच विरोध नव्हता, आणि आमच्या गावात ही गोष्ट कराराहूनही दुर्मिळ.

चार वाजता मी रिकामे साचे टोपलीत भरले आणि गल्लीनं निघालो. पुढे भाऊबहीण चालत होते. माझी वाट तीच, म्हणून मी मागे मागे.

"हे सेपी असताना बोलला असतास तर?" मावशीनं विचारलं. रागानं नाही, अगदी साधं.

"बाबांना भ्यायलो."

"बाबांना जाऊन तीस वर्षं झाली, शोर्श."

"हो." त्यानं टोपी नीट केली. "मग सवय होऊन गेली. माणूस चांगला होता. गळा तर काय होता! मी संध्याकाळी मागची खिडकी उघडी ठेवायचो."

"ठाऊक होतं त्याला. म्हणून तर तो तिथं उभा राहून गायचा."

शोर्श थांबला. दफनभूमीचं फाटक तिथंच आहे. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, बहिणीच्या हातात दिली आणि काही न सांगता आत गेला, डावीकडे, आमच्या लोकांच्या बाजूला. त्या बाजूला तो कधी गेला नव्हता. सेपीला पुरलं त्या दिवशीही तो फाटकाशीच उभा होता. त्याला दगड सापडेना. दोन-तीन नावं वाचली, मग सापडला. तो उभा राहिला. काय बोलत होता ते इथून ऐकू येत नव्हतं, पण बोलत होता, आणि हातवारे करून बोलत होता. आम्ही दोघं फाटकाला टेकून उभे. मावशीनं डोळे पुसायला टोपी वापरली.

तो परत आला तेव्हा मावशी म्हणाली, "काय म्हणाला?"

"म्हणाला, मीठ स्वतः मागायला एवढी वर्षं का लावलीस," शोर्श म्हणाला.

मावशी इतकी मोठ्यानं हसली की पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले. आणि हसता हसता ती भावाच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागली, आणि तो दारासारखा सरळ माणूस तिथं वाकला.